एक तक्ता, तीन उत्तरं

आजारांचं गणित : लेखांक ७

संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटते : उणे ०.६०५. शेजारी ०.१२३, आणि ओळीच्या शेवटी तीन चांदण्या. एमएस्सीच्या वर्गात गणित इथे सुटलेलं असतं. चांदण्या दिसल्या, ‘सिग्निफिकंट’ लिहिलं, चला पुढचं घ्या. रुग्णालयात मात्र खरी पंचाईत इथूनच सुरू होते. टेबलापलीकडचे डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण मी पेशंटला काय सांगू?’

वैद्यकीय संख्याशास्त्रात करिअर करायचं तर जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल, म्हणजे जीएलएम, किती खोलात शिकावं, असं विद्यार्थी विचारतात. या डॉक्टरांना सरळ उत्तर देता येईल इतकं, असं मी सांगतो. त्यासाठी नेमकं काय कळावं लागतं, ते आज पाहू.

मागच्या लेखात आपण सरळ रेषेचं रिग्रेशन पाहिलं. वय वाढतं तसा रक्तदाब किती वाढतो, हे रेष छान सांगते, कारण रक्तदाब हा सलग मोजता येणारा आकडा आहे. पण दवाखान्यातले पुष्कळ प्रश्न असे नसतात. रुग्ण वाचला की दगावला? वर्षभरात दम्याचे झटके किती आले? पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही, दुसऱ्याचं शून्य, एक, दोन, तीन. इथेही रेषच ओढली तर ती बिनदिक्कत सांगून मोकळी होते, की अमुक रुग्ण दगावण्याची शक्यता ११० टक्के आणि तमुक रुग्णाला उणे दोन झटके येतील.

ही अडचण डॉक्टरांच्या आधी किडे मारणाऱ्यांना आली. चेस्टर ब्लिस यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला भुंगेऱ्यांचा तक्ता आजही पाठ्यपुस्तकांत असतो. कार्बन डायसल्फाइडच्या वाफेच्या आठ मात्रा, एकूण ४८१ भुंगेरे. सर्वांत कमी मात्रेला ५९ पैकी ६ मेले, सर्वांत जास्त मात्रेला ६० पैकी ६०. मधल्या मात्रांचे ठिपके जोडले तर आधी सावकाश चढणारी, मग उसळी घेणारी आणि शेवटी पुन्हा सपाट होणारी वक्ररेषा मिळते. ब्लिस यांनी ती ‘प्रॉबिट’ने सरळ केली. १९४४ मध्ये मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसन यांनी त्याऐवजी ‘लॉजिट’ सुचवलं. १९६७ मध्ये ट्रुएट, कॉर्नफील्ड आणि कॅनेल यांनी फ्रेमिंगहॅमच्या हृदयरोग अभ्यासात कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट यांचा वाटा एकत्र मोजायला लॉजिस्टिकच वापरलं. मोजून आलेल्या आकड्यांसाठी पॉइसाँची पद्धत निराळीच. थोडक्यात, घरोघरी वेगळी चूल.

१९७२ मध्ये जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी एका लेखात दाखवून दिलं, की ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत आणि एकच आकडेमोडीची रीत सगळ्यांना पुरते. दोघंही इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातले. रोनल्ड फिशर यांनी आधी जिथे काम केलं, तेच हे केंद्र. वेडरबर्न तेव्हा पंचविशीचे होते. तीनच वर्षांनी कीटकदंशाच्या ॲलर्जीने ते गेले. सर्व्हायव्हल ॲनालिसिसचा पाया ठरलेला डेव्हिड कॉक्स यांचा लेखही १९७२ चाच. वैद्यकीय संख्याशास्त्रातल्या नोकरीत रोज लागणारी दोन हत्यारं अशी एकाच वर्षी घडली.

जीएलएमचे भाग तीन. पहिला, उत्तर कोणत्या जातीचं आहे : हो-नाही असेल तर बायनॉमियल, मोजणी असेल तर पॉइसाँ, सलग माप असेल तर नॉर्मल. दुसरा, कारणांची बेरीज : औषध, वय, धूम्रपान, प्रत्येकाला आपापल्या गुणकाने गुणायचं आणि सगळं मिळवायचं. तिसरा भाग म्हणजे दुवा, ज्याला आपण लिंक म्हणतो. बेरीज उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत कुठेही जाऊ शकते, शक्यतेला मात्र शून्य ते एक एवढीच जागा. या दोघांची गाठ लिंक घालून देते. पुस्तकात लिंकची ओळख बहुधा इथेच संपते. डॉक्टरांच्या दृष्टीने तिचं मोठं काम वेगळंच आहे : उत्तर कोणत्या भाषेत मिळणार, हे ती ठरवते.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या ४० ते ८४ वयाच्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक प्रसिद्ध चाचणी झाली. निम्म्यांनी एक दिवसाआड ॲस्पिरिन घेतली, निम्म्यांनी हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. १९८८ च्या प्राथमिक अहवालातले, सरासरी पाच वर्षांच्या आसपासचे आकडे असे : ॲस्पिरिन गटात ११,०३७ पैकी १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला, दुसऱ्या गटात ११,०३४ पैकी १८९ जणांना.

आता हाच तक्ता जीएलएमला तीन वेळा देऊ. दर वेळी फक्त लिंक बदलायची.

लॉजिट लिंक दिली की मिळतं उणे ०.६०५, आपल्या पडद्यावरचा आकडा. तो लॉगमधून बाहेर काढला की ०.५४६. हे ऑड्सचं गुणोत्तर. ऑड्स म्हणजे झटका आलेले भागिले न आलेले : इकडे १०४ भागिले १०,९३३, तिकडे १८९ भागिले १०,८४५.

लॉग लिंक दिली तर उणे ०.५९८, म्हणजे ०.५५०. हे धोक्याचं गुणोत्तर : ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा धोका न घेणाऱ्यांच्या ५५ टक्के.

आयडेंटिटी लिंक, म्हणजे काहीच न बदलणारी, दिली तर उणे ०.००७७. एका गटात धोका १.७१ टक्के, दुसऱ्यात ०.९४ टक्के. फरक हजारात आठाहूनही थोडा कमी. उलटं करून सांगायचं तर साधारण १३० जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा झटका टळतो.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ऐकणाऱ्यावर परिणाम सारखा होत नाही. ‘धोका ४५ टक्क्यांनी घटला’ हे वाक्य जाहिरातीला आवडतं. ‘१३० जणांत एकाला फायदा’ ऐकल्यावर पेशंट लगेच विचारतो, मग उरलेल्या १२९ जणांचं काय? रास्त प्रश्न आहे, कारण ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि तो या १२९ जणांनाही असतो. डॉक्टरांच्या ‘मी काय सांगू’ला सर्वांत जवळचं उत्तर हे तिसरं.

मग सगळे लॉजिटलाच का चिकटून बसतात? कारण ती क्वचितच दगा देते. आयडेंटिटी लिंक एखाद्या रुग्णाची शक्यता शून्याखाली नेऊ शकते, लॉग लिंक शंभर टक्क्यांच्या वर, आणि वय, वजन, मधुमेह असं बरंच काही मॉडेलमध्ये घातलं की संगणक कधीकधी उत्तरच न देता थांबतो. लॉजिटमध्ये हे सहसा होत नाही. पण सोयीची म्हणून निवडलेली लिंक वाचताना काळजी घ्यावी लागते. वरच्या तक्त्यात ०.५४६ आणि ०.५५० जवळजवळ सारखे आले, कारण झटका येणारे शंभरात एक-दोनच होते. समजा एका गटात शंभरातले ६० बरे झाले, दुसऱ्यात ४०. बरं होण्याचं प्रमाण दीडपट, पण ऑड्सचं गुणोत्तर २.२५. ‘नव्या औषधाने बरं होण्याची शक्यता सव्वादोन पट’ अशी वाक्यं मी प्रबंधांत अनेकदा वाचली आहेत. गणित अचूक, वाक्य चूक.

चांदण्यांच्या अलीकडचा ०.१२३ राहिलाच. ती स्टँडर्ड एरर. १.९६ ने गुणून ती उणे ०.६०५ च्या दोन्ही बाजूंना मोजा आणि लॉगमधून बाहेर या : ०.४३ ते ०.६९. कॅल्क्युलेटर घेऊन एकदा स्वतः कराच. चांदण्या फक्त ‘परिणाम आहे’ म्हणतात, हे अंतर ‘किती ते किती’ ते सांगतं.

आता अभ्यासाचं. आधी लाइकलिहूड पक्कं करा. ते कच्चं असेल तर जीएलएम ही नुसती बटणं दाबण्याची कला उरते. मग आर या सॉफ्टवेअरमध्ये ‘जीएलएम’ ही आज्ञा द्या, फॅमिली (म्हणजे उत्तराची जात) आणि लिंक बदलून पाहा, आणि प्रत्येक आकड्यापुढे एक मराठी वाक्य लिहा. औषध कंपन्यांत सॅसही लागतं. ते कामावर शिकता येतं. लिंक निवडण्यामागचा विचार मात्र आधीच हवा, कारण चाचणीत कोणत्या गटाला काय दिलं हे उघड होण्यापूर्वीच विश्लेषणाचा आराखडा लिहून ठेवावा लागतो. निकाल पाहून भाषा बदलायची मुभा नसते.

जीएलएमची एक अट मात्र विसरू नका : प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. १,३१,७४६ स्त्रिया, २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध. चिठ्ठ्या स्त्रियांच्या नव्हे, गावांच्या ५२ समूहांच्या टाकल्या होत्या. एका समूहातल्या बायकांचं आरोग्य केंद्र एक, रस्ता एक, बऱ्याचदा परिस्थितीही एक. साधं जीएलएम त्यांना सुट्या-सुट्या धरतं आणि खऱ्यापेक्षा अरुंद अंतर देऊन फसवी खात्री दाखवतं. १९८६ मध्ये लियांग आणि झेगर यांनी त्यावर जो मार्ग काढला, तो पुढच्या आठवड्यात.

तोवर गृहपाठ. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष घेतले. त्यांतले ६४७ धूम्रपान करणारे. तुलनेला दुसऱ्या आजारांचे ६४९ पुरुष. त्यांतले ६२२ धूम्रपान करणारे. या तक्त्यालाही तिन्ही लिंक लावून पाहा. संगणक तिन्ही उत्तरं निमूटपणे देईल, पण ‘सिगारेटने कर्करोगाचा धोका किती वाढतो’ या प्रश्नाला त्यांतलं एकच कामाचं. दोन्हीकडे नेमके ६४९ कुणी ठरवले, याचा विचार करा. कोणतं उत्तर कामाचं आणि का, हे चार ओळींत लिहिता आलं, तर त्या डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसायला हरकत नाही.