गळती कमी झाली, तरी काळजी?

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे आपण वर्गात नेहमी दाखवतो. पण तशीच बराच वेळ फुंकर घालत राहिले तर? दुधाळपणा हळूहळू जातो आणि निवळी पुन्हा स्वच्छ दिसू लागते. अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट झालेले असते. हे पाणी उकळले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट पुन्हा खाली बसते.

जुन्या धरणाच्या भिंतीत हाच प्रयोग वर्षानुवर्षे चालू असतो. केरळातील मुल्लपेरियार धरण 1895 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी बोगद्यातून तमिळनाडूतील शेतीला आणि गावांना मिळते. हे दगडी धरण चुना व सुरखी, म्हणजे विटांची पूड, यांच्या मिश्रणाने बांधलेले आहे. अशा भिंतीत थोडे पाणी मुरतेच. त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते चुना विरघळवत पुढे सरकते. बाहेर हवा लागली की तो वायू निसटतो आणि भिंतीवर पांढरे ओघळ उमटतात. म्हणजे पाण्याबरोबर भिंतीचा थोडा चुनाही बाहेर येतो.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. ताणकाट्याला भिजवलेली वीट टांगून तिचे वजन पाहा. मग ती पाण्यात बुडवा. वजन जवळजवळ निम्मे भरते. दगडी धरण मुख्यतः स्वतःच्या वजनावर उभे असते. भिंतीत व पायात शिरलेले पाणी तिला खालून वर ढकलते. यालाच उत्थापक दाब म्हणतात. 40 मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला 40 टन असतो. त्याच जागेवरच्या 40 मीटर उंच दगडी स्तंभाचे वजन 90 टनांच्या आसपास भरते. भिंतीच्या पाण्याकडील कडेला पूर्ण दाब पोहोचला, तर तेथे या वजनातील 40 टन वजा झाल्यासारखेच होतात. पलीकडच्या बाजूकडे हा दाब कमी होत जातो.

एकोणिसाव्या शतकातील धरणांच्या गणितात हा दाब सहसा धरलेला नसे. 27 एप्रिल 1895 रोजी फ्रान्समधील बूझे धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर अभियंत्यांचे लक्ष या दाबाकडे गेले. मुल्लपेरियारचे काम त्याच वर्षी संपत आले होते. हा धडा त्याला उशिरा मिळाला.

यावरचा उपाय साधा आहे. भिंतीत पाण्याकडील बाजूजवळ उभी छिद्रे पाडतात. मुरलेले पाणी त्यांत उतरते, वाट मिळाल्याने त्याचा दाब ओसरतो आणि ते भिंतीतल्या बोगद्यात गोळा होते. तेथे ते इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेतून सोडून मोजतात. खाचेतील पाण्याची उंची दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट नव्हे, सुमारे साडेपाच पट झालेला असतो. म्हणून थोडासा फरकही लक्षात येतो.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. गळती वाढली तर काळजी हवीच. पाणी गढूळ आले तर अधिकच, कारण आतला माल वाहून जात असल्याची ती खूण असू शकते. पण जलाशयाची पातळी तेवढीच असताना गळती अचानक घटली तर? कदाचित तोच विरघळलेला चुना छिद्रांत साचून वाट बुजली असेल. बाहेर कोरडे दिसते आणि आत दाब वाढत असतो. म्हणून गळतीबरोबर आतला दाबही मोजतात, छिद्रे साफ करतात आणि गरज पडल्यास नवी पाडतात.

मुल्लपेरियारबाबत 1979 मध्ये शंका उठल्यावर पाणीपातळी 136 फुटांपर्यंत उतरवण्यात आली. मग भिंतीवर काँक्रीटचा थर चढवून वजन वाढवले, पोलादी तारांनी भिंत खालच्या खडकाशी जखडली आणि मागून काँक्रीटचा आधार दिला. पुढे दोन राज्यांतील वाद न्यायालयात गेला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 142 फुटांची पातळी मान्य केली.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. परंतु एका दिवसाच्या पाहणीतून फार थोडे कळते. आजची गळती मागील वर्षी याच पातळीला असलेल्या गळतीशी ताडून पाहिली, तरच तिला अर्थ येतो. म्हणून जुन्या धरणावर सिमेंट आणि पोलादाइतकीच नेमाने भरलेली नोंदवही लागते. आपल्या विद्यार्थ्यांना प्रयोगवहीचे महत्त्व सांगताना हे उदाहरण जरूर द्यावे.