बटण दाबल्यावर नेमकं काय उजळतं?

मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, टीव्हीच्या रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबा. बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर एक जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. आता नुसत्या डोळ्यांनी रिमोटकडे बघा. काहीच दिसणार नाही! दिवा लागलेला असतो आणि सगळ्या खोलीत उजेड पडलेला असतो. तो बघायला लागणारे डोळे मात्र आपल्याला नाहीत.

या उजेडाचा पत्ता 1800 साली लागला. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि कुठला रंग किती तापवतो हे बघायला थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. हाच अवरक्त प्रकाश, म्हणजे इन्फ्रारेड. आपल्या डोळ्यांची धाव जेमतेम 700 नॅनोमीटरपर्यंत आणि रिमोटमधला एलईडी उजळतो साधारण 940 नॅनोमीटरवर.

इथे एक शंका यायलाच हवी. छत्रपती संभाजीनगरचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे अवरक्त प्रकाशाचा लोंढा. तो खिडकीतून घरात शिरलेला असताना दोन पेन्सिल सेलांवर चालणारा एवढासा एलईडी टीव्हीला कसा काय कळतो? एक गोष्ट निसर्गाने करून ठेवली आहे. हवेतली पाण्याची वाफ 940 नॅनोमीटरच्या आसपासचा बराच सूर्यप्रकाश वाटेतच शोषून घेते, त्यामुळे नेमक्या त्या पट्ट्यात ऊन थोडं फिकं पडतं. दुसरी गोष्ट माणसाची हुशारी. रिमोटचा दिवा एकसारखा जळत नाही, तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकतो. ऊन असं लुकलुकत नाही. टीव्हीतला रिसीव्हर स्थिर उजेड बाजूला सारतो आणि तेवढी एकच लुकलुक उचलतो. गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीत घरच्या माणसाची हाक बरोबर ऐकू यावी, तसं हे.

या लुकलुकीतून संदेश कसा जातो, ते तर फारच देखणं आहे. जगभर रुळलेल्या एनईसी पद्धतीत सुरुवातीला 9 मिलिसेकंदांची लांब झळक येते, म्हणजे ‘लक्ष द्या’. मग 4.5 मिलिसेकंद शांतता. त्यानंतर 33 छोट्या झळका, म्हणजे त्यांच्यामध्ये 32 अंतरं. दोन झळकांमधलं अंतर कमी असेल तर शून्य, जास्त असेल तर एक. आधी यंत्राचा पत्ता, पाठोपाठ तोच पत्ता उलटा करून. मग आज्ञा, पाठोपाठ तीही उलटी करून. सुलटं आणि उलटं जुळलं नाही, तर टीव्ही तो संदेश सोडून देतो. उलटं करताना शून्याचा एक होतो आणि एकाचा शून्य. म्हणून अशा प्रत्येक संदेशात 16 शून्यं आणि 16 एक येतात आणि आवाज वाढवा की चॅनेल बदला, प्रत्येक आज्ञेला वेळ तेवढाच लागतो: सुमारे 68 मिलिसेकंद.

आपल्या शहराचा या प्रकाशाशी जुना संबंध आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत. दूरदर्शनचं एकच चॅनेल होतं तेव्हा रिमोटवाचून कुणाचं अडत नसे. 1990च्या दशकात केबल आली, चॅनेल भराभर वाढली आणि रिमोट ही गरज झाली. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 2013 साली, तेव्हाच्या औरंगाबादचाही समावेश होता. केबलच्या घरांत सेटटॉप बॉक्स आला आणि सोबत दुसरा रिमोट. होम थिएटर घेतलं की अ‍ॅम्प्लिफायरचा तिसरा, प्रोजेक्टरचा चौथा.

मग घरात नवं टीव्ही युनिट होतं. सुतार सनमायका लावलेल्या सुरेख दारांआड सगळी यंत्रं आणि वायरी झाकून टाकतो. दार लावलं की रिमोट बंद! हा प्रकाशच आहे, लाकडातून जाणार कसा? साध्या पारदर्शक काचेचं दार असतं तर त्याने अडवलं नसतं. रंगवलेल्या भिंतीवरूनही तो परावर्तित होतो, म्हणून रिमोट उलटा धरला तरी पुष्कळदा टीव्ही चालू होतो.

यावरचा तोडगा म्हणजे आयआर एमिटर. टीव्हीच्या कडेला बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर लावतात. तो रिमोटची लुकलुक पकडून तिचे विजेचे स्पंद करतो. हे स्पंद वायरमधून कपाटात जातात आणि वायरच्या टोकाशी एक चिमुकला एलईडी तीच लुकलुक पुन्हा उजळतो. तो एलईडी चिकटपट्टीने सेटटॉप बॉक्सच्या बरोबर डोळ्यावर बसवायचा असतो. हा डोळा शोधायला काळ्या प्लास्टिकवर तिरका टॉर्च मारा, आत गोल मण्यासारखं काहीतरी चमकेल. ते प्लास्टिक आपल्याला काळं दिसतं, पण अवरक्त प्रकाशासाठी ते काचेसारखं स्वच्छ असतं. एमिटर बोटभर जरी सरकला, तरी बॉक्स अधूनमधून ऐकेनासा होतो.

चार रिमोटांचं काम एकावर आणणारा युनिव्हर्सल रिमोट दोन प्रकारे शिकतो. एक तर कंपन्यांच्या संकेतांची यादी त्याच्या पोटात आधीच असते. नाहीतर जुना रिमोट समोर धरून बटण दाबायचं, की तो त्या झळकांची लांबी मोजून जशीच्या तशी साठवून घेतो. तरीही एक उणीव राहते. रिमोट फक्त बोलतो, त्याला कुणाचं काही ऐकू येत नाही. पॉवरचं बटण एकच असेल, तर ते चालू यंत्र बंद करतं आणि बंद यंत्र चालू. एका दाबात सगळं सुरू करायला जावं आणि आधीच चालू असलेला टीव्ही नेमका बंद पडावा, असं त्यामुळेच होतं. ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचे वेगळे संकेत त्या यंत्राला कळत असतील, तर ते शोधून भरणं हाच त्यावर खरा इलाज.

एसीच्या रिमोटने या उणिवेवर वेगळीच मात केली आहे. त्याचं कुठलंही बटण दाबा, सहसा तो एकच बदल न पाठवता तापमान, पंखा, मोड असा सगळा तपशील दर वेळी पुन्हा सांगतो. त्याच्या छोट्या पडद्यावर दिसतो तो रिमोटने सांगितलेला आकडा. एसीने तो ऐकला की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

वाय-फाय आणि ब्लूटूथचे रिमोट आले तरी ही साधी लुकलुक टिकून आहे, कारण तिला पासवर्ड लागत नाही, जोडणी लागत नाही, अपडेट लागत नाही. यंत्राची भाषा यायला हवी, बस्स! म्हणून एखादा रिमोट मोडला, हरवला, एवढ्यावरून चालता टीव्ही किंवा अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देऊ नका. कंपनीचे दिवस सरले तरी तिचे संकेत युनिव्हर्सल रिमोटच्या यादीत राहतात, आणि ते कळणारा कुठलाही स्वस्त रिमोट त्या यंत्राशी बोलू शकतो.