विश्लेषण : भुतांच्या पार्टीचा लाल-काळा रंग भाज्यांतून कसा मिळवायचा?

हॅलोविन आता मॉल आणि पंचतारांकित हॉटेलांपुरता राहिलेला नाही. ३१ ऑक्टोबर जवळ आला की गच्चीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये होणाऱ्या मुलांच्या पार्टीसाठी ‘भुताचा खाऊ’ काय करायचा, हा प्रश्न मानखुर्दसारख्या उपनगरातल्या पालकांनाही पडतो. मोबाइलवरच्या रेसिपीत पफ पेस्ट्री, ऑलिव्ह, चीज आणि काळा खाद्यरंग सांगितलेला असतो. पहिल्या तिन्ही वस्तू महाग आहेत आणि चौथी काळजी करायला लावणारी. प्रत्यक्षात यातल्या एकाही वस्तूशिवाय, स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे मिळणाऱ्या मालातून हे ताट सजवता येते. घाऊक घ्यायचे असेल तर हार्बर मार्गावर मानखुर्दच्या पुढचेच स्टेशन वाशी आहे आणि तिथे एपीएमसीचा भाजीबाजार आहे.

भूत आणि भाजी यांचा संबंध काय?

संबंध जुना आहे. हॅलोविनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या ‘सावन’ या सुगी संपतानाच्या सणात सांगितले जाते. तिथले लोक शलगम कोरून त्यात दिवा ठेवत. हे लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि शलगम मागे पडला.

आपल्याकडेही याच दिवसांत असेच काही घडते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर कारीट पायाखाली फोडायचे, हा कोकणातला आणि मुंबईतल्या अनेक मराठी घरांतला रिवाज. कडू कारीट म्हणजे नरकासुर. गोव्यात तर नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात आणि मग घरोघरी पोह्यांचे गोड-तिखट प्रकार होतात. बंगालमध्ये याच तिथीला ‘भूत चतुर्दशी’ म्हणतात. त्या दिवशी चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या आणि चौदा दिवे लावायचे. भुतांच्या दिवशी भाजी खाण्याचा याहून थेट दाखला सापडणे कठीण. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. त्यामुळे ‘हे परक्यांचे खूळ’ म्हणून नाक मुरडण्याचे फारसे कारण नाही. शिवाय हडळ, खवीस, वेताळ, झोटिंग अशी भरगच्च फौज मराठीत असताना ड्रॅक्युलावर अडून राहण्याचीही गरज नाही. २०२४ च्या ‘मुंज्या’ चित्रपटानंतर तर पिंपळावरचा मुंजा लहान मुलांच्याही ओळखीचा झाला आहे.

रंगाची एवढी काळजी का?

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. राज्यात तपासलेल्या गोबी मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. ‘बुढ्ढी के बाल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉटन कँडीत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग आढळला. तमिळनाडूने त्याआधीच, फेब्रुवारीत, कॉटन कँडीवर बंदी आणली होती. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने त्याच सुमारास गोबी मंचुरियनच्या गाड्यांविरुद्ध पवित्रा घेतला. फ्लॉवरसारखी साधी भाजी बंदीच्या यादीत गेली ती केवळ तिच्या अंगावर चढवलेल्या लाल रंगामुळे. हॅलोविनच्या ताटात हाच लाल रंग ‘रक्त’ म्हणून हवा असतो.

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. तेही ठरावीक पदार्थांतच आणि ठरलेल्या मर्यादेत. या आठांत लाल, पिवळे, निळे आणि हिरवे रंग आहेत, काळा नाही. बाजारातला काळा जेल म्हणजे अनेकदा याच रंगांचे दाट मिश्रण असते आणि पीठ खरोखर काळे दिसण्यासाठी ते बरेच ओतावे लागते. डबी घ्यायचीच असेल तर तिच्यावर रंगाचे नाव आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहावा. सुट्या पुडीतला, नाव नसलेला रंग मात्र घेऊच नये. परदेशी रेसिपींत दिसणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल’ही मुलांच्या खाऊत नको. तो पोटात औषधे शोषून घेतो. विषबाधेच्या रुग्णांना तो देतात तो याच गुणामुळे. नेहमीची गोळी चालू असलेल्या मुलाला तो पार्टीत देणे हा विनाकारण धोका आहे.

मानखुर्दच्या बाबतीत हा मुद्दा आणखी थोडा वेगळा आहे. हा भाग महापालिकेच्या एम पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत तळाला होता. लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीतल्या मुलाच्या हाती पाच-दहा रुपयांत येणारा खाऊ बहुतेक वेळा पाकिटातला आणि रंगीतच असतो. वर्षातली एक पार्टी त्याच्या जेवणात फार फरक पाडणार नाही. पण एरवी ताटात बाजूला सारलेला पालक ‘हडळीचे बोट’ म्हणून दिला तर मूल तो मागून खाते, हे अंगणवाडीपासून डब्यापर्यंत सगळीकडे चालणारे गुपित आहे.

मग रंग आणायचा कुठून?

लाल रंगासाठी बीट. मात्र बीट जास्त उकळले तर त्याचा रंग विटून तपकिरी होतो. सालासकट वाफवून घ्यावे, किसावे, लिंबू पिळावे आणि शेवटी मिसळावे. आंबटपणाने लाली टिकते. बीट, टोमॅटो, लसूण आणि लाल मिरचीची पातळ चटणी हे उत्तम ‘रक्त’ आहे.

हिरव्याचे गणित नेमके उलटे. पालकात लिंबू पडले किंवा तो झाकून बराच वेळ शिजला की मळकट होतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच थंड पाण्यात काढावा.

काळ्यासाठी कारळे. कारळ्याची चटणी महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या भाकरीबरोबर खाल्ली जाते आणि ती खरोखर कोळशासारखी काळी असते. पसरट ताटलीत ती पसरली की ‘स्मशानातली माती’ तयार. काळे तीळ भाजून, कुटून पिठात घातले तर पीठ काळे न होता राखाडी होते. भुताला तो रंगही शोभतो.

सगळ्यात गमतीचा म्हणजे जांभळा कोबी. तो चिरून उकळला की पाणी जांभळे होते. त्यात लिंबू पिळले की गुलाबी आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला की निळे-हिरवे. या जांभळ्या पाण्यात तांदळाच्या शेवया शिजवून, निथळून, वर मिरची-मोहरीची फोडणी द्यावी आणि प्रत्येक मुलाच्या हातात लिंबाची फोड द्यावी. लिंबू पिळताच समोरच्या शेवया रंग बदलतात. मुलांसाठी यापुढे दुसरी जादू लागत नाही. कोबी थोडा महाग पडतो, पण अर्धा गड्डा वीस मुलांच्या शेवयांना पुरतो.

ताटात नेमके काय काय करता येईल?

हडळीची बोटे : दोन वाट्या बारीक चिरलेला पालक किंवा मेथी, एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, आले-मिरचीचे वाटण, तीळ, हळद, मीठ आणि चमचाभर तेल. पाणी जवळजवळ घालू नये, कारण मीठ लागले की पालेभाजीला स्वतःचे पाणी सुटते. पीठ सैल झाले तर बोटे वाफेत पसरतात आणि हडळीऐवजी पापडी हाती येते. हाताला तेल लावून बोटाएवढे वळावे, टोकाला शेंगदाण्याची पाकळी नखासारखी दाबून बसवावी आणि सुरीच्या बोथट बाजूने पेरांच्या रेघा पाडाव्यात. मोदकपात्रात १५ मिनिटे वाफवून, गार झाल्यावर थोड्या तेलात परतावे. मुळात हे आपले मुठेच आहेत. पार्टीतल्या एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर नखासाठी गाजराचा पातळ तुकडा वापरावा. आणि हे आधी विचारावे, खाऊ दिल्यावर नव्हे.

भुताचे थालीपीठ : थालीपीठाला भोके आपण पाडतोच. फक्त ती दोन डोळे आणि एका वाकड्या तोंडाच्या जागी पाडायची. वाटीभर किसलेला लाल भोपळा, मावेल तेवढी भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ. ओल्या फडक्यावर पुरीएवढे थापून, भोके जरा मोठी करून तव्यावर टाकावे, कारण भाजताना ती आक्रसतात. भोपळ्यामुळे नारिंगी रंग आपसूक येतो. खर्च आणि खटाटोप पाहता या ताटातला सर्वांत भरवशाचा पदार्थ हाच.

मिरचीची ममी : कमी तिखट भावनगरी मिरचीला चीर देऊन बिया काढाव्यात, बटाटेवड्याची भाजी भरावी. डेअरीत मिळणाऱ्या समोसा पट्टीच्या अर्ध्या इंचाच्या फिती कापून मिरचीभोवती तिरक्या गुंडाळाव्यात, मैद्याच्या खळीने टोक चिकटवावे. डोळ्यांसाठी एक फट मोकळी सोडून तिथे बटाट्याचे दोन ठिपके आणि त्यावर काळा तीळ लावावा. मध्यम आचेवर तळावे. एअर फ्रायर असेल तर वरून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर पट्टी कोरडी पडते.

मुंजाचे डोळे : छोट्या साच्यातल्या इडल्या, प्रत्येकीवर वाफवलेल्या गाजराची चकती, चकतीवर काळ्या मनुकेचा अर्धा तुकडा. बीटच्या चटणीत काडी बुडवून बाजूला लाल शिरा ओढाव्यात. चटणी देण्याच्या वेळीच लावावी, आधी लावली तर इडली ती शोषते आणि सगळा डोळाच लाल होतो.

भोपळा कोरून दिवा करायची हौस असेल तर नावातच भोपळा असलेली भोपळी मिरची हाताशी आहे. देठाकडची टोपी कापून, एका बाजूला डोळे-तोंड कोरून आत दडपे पोहे भरले की वाटी आणि भोपळा दोन्ही एकात. रंगीत मिरची महाग वाटली तर हिरवी घ्यावी. कोरलेला अख्खा भोपळा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो, आणि मुंबईचा कचरा कुठे जातो हे मानखुर्दकरांना सांगावे लागत नाही. देवनारचे डम्पिंग ग्राउंड शेजारीच आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. भोपळ्याची पावकिलोची फाक आणावी, ती थालीपिठात संपते. बिया भाजून, मीठ लावून ठेवल्या तर मोठ्यांच्या चहाबरोबर जातात.

भाज्यांतही भेसळ असते का?

असते, पण घरी पाहता येते. हिरव्यागार दिसण्यासाठी मिरची-भेंडीला मॅलाकाइट ग्रीन लावल्याचा संशय असेल तर कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवून सालीवर घासावा. बोळा हिरवा झाला तर ती भाजी टाकून द्यावी. रताळ्याच्या लाल सालीवर पाण्यात किंवा तेलात भिजवलेला बोळा फिरवून असेच पाहता येते. एफएसएसएआयनेच या चाचण्या घरगुती वापरासाठी सांगितल्या आहेत.

पार्टीच्या दिवशी काय सांभाळावे?

सर्वांत आधी ऑक्टोबर हीट. परदेशी रेसिपी थंडीच्या संध्याकाळसाठी लिहिलेल्या असतात, मुंबईत त्या दिवसांत पारा तिशीच्या पुढे असतो. शिजवलेले अन्न साधारण दोन तास बाहेर चालते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच खाऊन संपवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. उकडलेला बटाटा, ओल्या चटण्या आणि दही यांना तो आधी लागू होतो. म्हणून बोटे दुपारी वाफवून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि मुले आल्यावर परतावीत, ममी गुंडाळून ठेवाव्यात आणि आयत्या वेळी तळाव्यात. गच्चीवर फ्रिज नसतो, तेव्हा खाऊ दोन फेऱ्यांत वर नेलेला बरा.

टूथपिक टाळाव्यात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा शेंगदाणा, अख्खी द्राक्षे असे घशात अडकू शकणारे काही देऊ नये. बोटाचे नख त्यांच्यासाठी काढूनच द्यावे.

आणि धूर. पार्टीत धूर हवा म्हणून ड्राय आइस आणण्याची फॅशन आली आहे. तो उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड असतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत तो मुखशुद्धी म्हणून दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले. धूर हवाच असेल तर स्वयंपाकघरातला धुंगार आहे. बटाट्याच्या भाजीच्या पातेल्यात छोटी वाटी ठेवून तीत पेटता निखारा, त्यावर थेंबभर तूप आणि वर झाकण. पाच मिनिटांनी निखाऱ्याची वाटी बाहेर काढून ठेवावी आणि मुलांसमोर झाकण उघडावे. धूर दिसतो आणि भाजीला तंदुरी वासही लागतो.