डोळ्यांवर भरवसा किती ठेवायचा?

डोळे मिटा. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, पापणीवरूनच, बोट अगदी हलकेच टेकवा. नाकाच्या बाजूला एक उजळ कडं दिसेल. बाहेर उजेडाचा पत्ता नाही, तरी डोळ्याला उजेड दिसला! एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी अशाच निरीक्षणांवरून नियम मांडला: डोळ्याची नस प्रकाशाने छेडा, दाबाने छेडा नाहीतर विजेने, ती सांगणार एकच, ‘उजेड’. मग आपल्याला कळतं ते जगाबद्दल की स्वतःच्या नसांबद्दल? तत्त्वज्ञ कांटने १७८१ साली ग्रंथात उभा केलेला प्रश्न आता थेट प्रयोगशाळेत येऊन बसला.

नसेतून संदेश किती वेगाने धावतो, हे मोजणं बहुधा कधीच जमणार नाही, असं म्युलर यांचं मत होतं. त्यांच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या पायावर तो वेग मोजला: सेकंदाला जेमतेम २७ मीटर! म्हणजे ‘आत्ता’ जाणवतंय ते खरं तर क्षणभर शिळं. आणि हे घडलं कुठे, तर कांटच्याच गावी, क्योनिग्सबर्गला. पुढच्याच वर्षी हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचं उपकरण जाहीर केलं. ऑप्थॅल्मोस्कोप तो हाच.

लाइपझिगच्या गुस्टाव फेश्नरने मात्र जबर किंमत मोजली. रंगीत काचांतून सूर्य न्याहाळण्याच्या प्रयोगांनी डोळे इतके दुखावले, की त्याला अंधाऱ्या खोलीत दिवस काढावे लागले. त्यातून उठून संवेदना आकड्यांत मोजण्याचं शास्त्र त्याने उभं केलं. मला या मंडळींत सगळ्यात जास्त आदर त्याचाच वाटतो.

तत्त्वज्ञ नीत्शेचीही नजर लहानपणापासूनच अधू. सत्य आणि असत्यावरचा त्याचा गाजलेला निबंध १८७३ साली त्याने मित्राला तोंडी सांगून लिहवून घेतला. छापून आला तो १८९६ साली. १८८२मध्ये त्याने टंकयंत्रही मागवलं. अर्धगोलावर ५२ कळा, सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली! काही आठवड्यांतच ते बिघडलं.

त्याच नीत्शेने १८८७ साली लिहिलं की पाहणं नेहमी कुठल्या तरी कोनातूनच होतं. यावरून ‘ज्याचं त्याचं सत्य वेगळं’ असं त्याच्या नावावर सर्रास खपवलं जातं, ते चूक आहे. एकाच गोष्टीकडे जितक्या जास्त डोळ्यांनी पाहू, तितकी तिची जाण पुरी होईल, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याचा शाळासोबती पाउल डॉयसन संस्कृतचा पंडित झाला. २५ फेब्रुवारी १८९३ रोजी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्याने वेदान्तावर व्याख्यान दिलं. दिसणारं जग हे अंतिम सत्य नव्हे, हे शंकराचार्यांचं म्हणणं कांटने सिद्ध करून दिलं आहे, असं त्याने मुंबईकरांना ठासून सांगितलं.