जमिनीलगत पसरणारा गॅस

सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची आणि साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं देशभरातल्या सराफ पेठांत भेटतात. गलाई हा त्यांचा धंदा. जुने दागिने नि कारखान्यातला चुरा वितळवून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची. दुष्काळी शिवारं सोडून निघालेल्या या लोकांनी आगीच्या ज्ञानावर संसार उभे केले. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोनं १०६४ अंशांना. आणि नुसत्या हवेवर जळणाऱ्या एलपीजीची ज्योत सुमारे १९०० अंशांपर्यंत जाऊ शकते! ज्या इंधनावर आपण चहा उकळतो, त्याच्यात सोन्याचं पाणी करण्याइतकी धग दडलेली आहे.

धातू वितळवायच्या गॅस-टॉर्चमध्ये बारीक छिद्रातून सुटणारी गॅसची धार बाजूच्या भोकांतून हवा आपसूक ओढून घेते. मिश्रण जमलं की ज्योत निळी होते. आतल्या निळ्या शंकूच्या टोकापासून जरा पुढे सगळ्यात जास्त उष्णता असते. नवशिके धातू शंकूतच धरतात आणि तो तापत का नाही म्हणून चडफडतात.

मला ज्योतीहून मोठं नवल वाटतं ते सिलिंडरमधल्या द्रवाचं. एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो आणि हवेत दोन टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो. म्हणजे एका लिटरपासून साडेबारा हजार लिटर पेटणारी हवा! तीही हवेहून जड असलेल्या वायूची. वरची खिडकी सताड उघडी असली, तरी गळलेला गॅस टेबलाखाली, मोरीत, खोलगट कोपऱ्यात साचतो. म्हणून घरातल्या कामाच्या खोलीला जमिनीलगत झरोका हवाच. तळघरात तर टॉर्च पेटवूच नये. सिलिंडर कायम उभा ठेवायचा, कारण आडवा झाला की वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो. पेटवण्याआधी सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे फुगले, तर गळती आहे. वासावर विसंबू नका. तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि नाक त्याला लवकर सरावतं.

मूस पूर्ण कोरडी असावी. वितळलेल्या धातूखाली ओल अडकली की तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. टेबलावर भट्टीची वीट, अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा.

हवेवर चालणारी साधी टॉर्च विझवताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्या, मगच टॉर्चचा नॉब फिरवा. उलट केलंत, तर तो गॅस रात्रभर नळीतच दाबाखाली राहतो.