डिस्क भरली, आता बघायचं कुठे?

सर्व्हरची डिस्क भरली की ‘डिस्क भरली’ अशी तक्रार सहसा येत नाही. ‘पावती निघत नाही’, ‘लॉगिन होत नाही’, ‘फॉर्म भरला पण सेव्हच होईना’ अशा तक्रारी येतात, आणि त्याही महिनाअखेरीला नाहीतर प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी. वापरणाऱ्याला वाटतं नेट गेलं. नेटवाला म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. सॉफ्टवेअरवाला सांगतो, एकदा रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ बरं चालतं आणि मग पुन्हा तेच.

अशा वेळी मशीनलाच विचारायची एक जुनी सोय आहे, कमांड लाइन. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, खाली उत्तर येतं. आयकॉन नाहीत, माउस नाही. सिनेमात ही खिडकी दिसली की हॅकर आला असं समजायचं असतं. प्रत्यक्षात तिथे विचारले जाणारे प्रश्न फारच घरगुती असतात: जागा किती उरली? कोण किती खातंय? काल रात्री नेमकं काय झालं?

सर्व्हरच्या बाबतीत तर दुसरा सोयीचा मार्गच नसतो. हे मशीन मुंबईतल्या नाहीतर सिंगापूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतं. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. तिथपर्यंत पोचायचं ते ‘एसएसएच’ नावाच्या प्रोग्रॅमने. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पाळत ठेवून पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्याच टाटू युलोनेन यांनी तो लिहिला. त्याआधीच्या ‘टेलनेट’मध्ये पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा, एसएसएचमध्ये सगळं बोलणं सांकेतिक होऊन जातं. आणि जातात ती फक्त अक्षरं, त्यामुळे एसटीत बसून, मोबाइलला टॉवरची एकच कांडी असतानाही सर्व्हर तपासता येतो.

या कमांडची नावं पहिल्यांदा बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतात: फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’, कॉपी करणारी ‘सीपी’, हलवणारी ‘एमव्ही’, उडवणारी ‘आरएम’. १९६९ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवायला लागले, तेव्हा कमांड द्यायच्या त्या पडद्यावर नाही, कागदावर छापणाऱ्या टेलेटाइप यंत्रावर. त्यातलं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं आणि बटणं चांगली जोर लावून दाबावी लागायची. अशा यंत्रावर लांबलचक नाव कोण कशाला ठेवील? याच घराण्याची दुसरी सवय म्हणजे काम नीट झालं तर गप्प बसणं. कमांड दिली आणि काहीच छापून आलं नाही, तर नवखा माणूस घाबरतो. मुरलेला पुढच्या कामाला लागतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेलं लिनक्स याच वळणावर गेलं, आणि आज बहुतेक सर्व्हरवर तेच असतं.

आता आपला भरलेला सर्व्हर बघू. समजा, तो एका कॉलेजच्या प्रवेश-अर्जांचा आहे. पहिली कमांड ‘डीएफ’. तिला ‘हायफन एच’ जोडलं की आकडे माणसाला वाचता येतील असे, म्हणजे जीबी-एमबीत येतात. चार-पाच ओळींचा तक्ता येतो: डिस्कचा कोणता भाग, एकूण किती, वापरली किती, उरली किती, टक्के किती. मुख्य भागापुढे १०० टक्के दिसतं. रोग सापडला, पण कारण नाही.

डिस्क पूर्ण भरली असतानाही आपल्याला आत येता कसं आलं, याचं उत्तरही इथेच आहे. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ‘ईएक्सटी-४’ ही फाइल व्यवस्था सहसा ५ टक्के जागा ‘रूट’साठी, म्हणजे मुख्य व्यवस्थापकासाठी, राखून ठेवते. साध्या प्रोग्रॅमना जागा संपली असं सांगितलं जातं. साफसफाई करणाऱ्याला हात हलवण्यापुरती जागा शिल्लक असते. म्हणूनच काही वेळा एकूण आणि वापरलेली जागा यांचा हिशेब जुळत नाही, आणि नवशिके डोकं खाजवत बसतात.

दुसरी कमांड ‘डीयू’. ही एकेका फोल्डरने किती जागा घेतली ते सांगते. तिचं उत्तर ‘सॉर्ट’कडे दिलं की सगळ्यात मोठा फोल्डर तळाशी येतो. त्यात शिरायचं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. वरून ‘व्हार’, त्याच्या आत ‘लॉग’, त्याच्या आत अर्जांच्या प्रोग्रॅमची एकच लॉग फाइल: ३८ जीबी. पन्नास जीबीच्या डिस्कवर. तीन-चार कमांडमध्ये आपण ‘कॉलेजची वेबसाइट बंद आहे’ इथून एका फाइलपर्यंत आलो.

ही फाइल उघडायची नाही. ३८ जीबीची फाइल एडिटरमध्ये उघडणं म्हणजे आजारी सर्व्हरच्या छातीवर बसणं. ‘टेल’ कमांड फक्त शेवटच्या १० ओळी दाखवते. त्या दहाही ओळी सारख्याच निघतात: ईमेल पाठवता आला नाही, पासवर्ड चुकीचा. म्हणजे कोणीतरी कॉलेजच्या ईमेल खात्याचा पासवर्ड बदलला आणि प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं. तो बिचारा तेव्हापासून न थांबता प्रयत्न करतोय आणि प्रत्येक अपयशाची नोंद लिहितोय. डिस्क भरणं हा परिणाम होता, बिघाड पासवर्डमध्ये होता.

इथे बरेच जण घाई करतात. ‘आरएम’ देऊन लॉग फाइल उडवतात आणि पुन्हा ‘डीएफ’ बघतात. अजून १०० टक्केच! फाइल यादीत नाही, पण जागाही मोकळी झालेली नाही. याचं कारण असं की ‘आरएम’ फाइलचं नाव काढतं; तिची जागा तेव्हाच मोकळी होते, जेव्हा ती उघडून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम तिला सोडतो. आपला अर्जांचा प्रोग्रॅम तर नाव नसलेल्या त्याच फाइलमध्ये लिहीतच बसलाय. ‘एलएसओएफ’ ही कमांड कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल धरून ठेवलीय ते दाखवते, आणि अशा फाइलीपुढे ‘डिलीटेड’ असा शेराही मारते. त्या प्रोग्रॅमला बंद करून चालू केलं की जागा परत मिळते. रीस्टार्टने थोडा वेळ बरं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. फाइल उडवण्याऐवजी जागच्या जागी रिकामी केली असती, तर एवढंही करावं लागलं नसतं. आणि पासवर्ड दुरुस्त करून ‘लॉगरोटेट’ लावलं, म्हणजे जुने लॉग ठरल्या वेळी दाबून बाजूला काढण्याची सोय केली, तरच हे दुखणं कायमचं जातं.

या सगळ्या खटाटोपात बदल करणाऱ्या कमांड किती होत्या? मोजून दोन-तीन. बाकीच्या नुसत्या बघणाऱ्या. कमांड लाइनची भीती वाटते ती ‘काहीतरी चुकीचं दाबलं जाईल’ म्हणून. पण ‘डीएफ’, ‘डीयू’, ‘एलएस’, ‘टेल’ या शंभर वेळा दिल्या तरी मशीनचं काही बिघडत नाही. मुरलेला व्यवस्थापक आणि नवखा यांच्यात फरक पाठांतराचा फारसा नसतोच. मुरलेला बघण्यात बराच वेळ घालवतो आणि हात सगळ्यात शेवटी लावतो.

बघण्याची खरी ताकद येते ती कमांड एकमेकींना जोडल्यावर. बागेतल्या नळ्या जोडतो तसे प्रोग्रॅम जोडता यायला हवेत, असं बेल लॅब्जमधल्या डग मॅकइलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवलं होतं. १९७३ साली थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये उतरवलं. कीबोर्डवर एंटरच्या वर असते ती उभी रेघ म्हणजे हा ‘पाइप’: डावीकडच्या कमांडचं उत्तर उजवीकडच्या कमांडच्या हातात देणारा.

समजा, वेबसाइट अचानक मंदावलीय आणि कोण एवढं ठोठावतंय ते शोधायचंय. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक भेटीची एक ओळ असते, सहसा सुरुवातीलाच पाहुण्याचा आयपी पत्ता. ‘ऑक’ प्रत्येक ओळीतला पहिला रकाना तेवढा काढतं. ‘सॉर्ट’ सारखे पत्ते एकाखाली एक आणतं. ‘युनिक’ ते मोजतं. मधला ‘सॉर्ट’ गाळून चालत नाही, कारण ‘युनिक’ला लागोपाठच्या सारख्या ओळीच ओळखता येतात. मग पुन्हा ‘सॉर्ट’, या वेळी आकड्यांच्या उतरत्या क्रमाने. शेवटी ‘हेड’, म्हणजे वरच्या १० ओळी. पाच छोट्या कमांड, एक ओळ, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेले दहा पत्ते समोर. हाच लॉग एक्सेलमध्ये उघडायला गेलात तर १०,४८,५७६ ओळींनंतर एक्सेल हात टेकतं. शिवाय माउसने केलेल्या दहा क्लिक फोनवर दुसऱ्याला समजावताना घाम फुटतो. कमांडची ओळ जशीच्या तशी पाठवता येते, वहीत लिहून ठेवता येते, उद्या पुन्हा चालवता येते.

आता बदलणाऱ्या कमांडकडे वळू. अडकलेला प्रोग्रॅम थांबवायला ‘किल’ आहे. नावाने दचकू नका. साधं ‘किल’ दिलं तर प्रोग्रॅमला १५ क्रमांकाचा इशारा जातो: आवरतं घ्या. त्याला उघड्या फाइली बंद करायला, अर्धवट काम लिहून ठेवायला सवड मिळते. ‘किल हायफन नऊ’ मात्र अशी सवड देत नाही. प्रोग्रॅमला कळायच्या आत तो संपलेला असतो. डेटाबेसवर थेट नऊ नंबर चालवणारे पुढे फाइली दुरुस्त करत बसतात. आधी पंधरा, थोडं थांबायचं, आणि अगदीच नाइलाज झाला तर नऊ.

सगळ्यात सांभाळून वापरायची ती ‘आरएम’. तिच्याकडे रिसायकल बिन नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत डेटाबेसच्या दोन सर्व्हरचा मेळ बिघडला होता. रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा फोल्डर उडवण्यासाठी कमांड दिली. पण ती खिडकी होती मुख्य सर्व्हरची. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला होता. नेहमीचे बॅकअप तपासले तर ते नीट चालतच नव्हते. घटनेच्या सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत मिळाली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जाहीर लिहिलं, हे तिचं मोठेपण.

यातून व्यवस्थापकांनी उचललेल्या सवयी साध्या आहेत. बदलणारी कमांड देण्याआधी ‘होस्टनेम’ विचारायचं: मी कोणत्या मशीनवर आहे? मग ‘पीडब्ल्यूडी’, म्हणजे मी कोणत्या फोल्डरमध्ये उभा आहे. ज्या फाइली उडवायच्या त्यांच्यावर आधी तोच नमुना देऊन ‘एलएस’ चालवायची. यादी बरोबर दिसली तरच ‘एलएस’च्या जागी ‘आरएम’. आणि बॅकअप आहे असं म्हणण्याआधी तो एकदा तरी परत उतरवून बघायचा.

हे सगळं शिकायला डेटा सेंटर लागत नाही. विंडोजवर लिनक्स चालवणारं ‘डब्ल्यूएसएल’ घेता येतं, मॅकवर टर्मिनल आधीपासून असतं, अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ चालतं. कोणतीही कमांड अडली तर ‘मॅन’ आणि पुढे तिचं नाव द्यायचं. माहितीपुस्तिका तिथेच उघडते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक अनेकांनी कॉलेजात वापरलेलं असेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. आणि हे ज्ञान जुनाट झालंय असंही नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर गणितं सोडवायला देणारा संशोधकही एसएसएचने आत शिरतो आणि कमांड देऊनच आपलं काम रांगेत लावतो.

हल्ली कमांड पाठ असण्याची गरजही कमी झालीय. एआयला अडचण सांगितली की ती तयार ओळ हातात देते, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. पण आपली डिस्क का भरली, त्या फाइलीत काय होतं, ही खिडकी कोणत्या सर्व्हरची आहे, हे न सांगता तिला कळत नाही. तेव्हा ओळ कुठूनही आली तरी चिकटवण्याआधी एवढंच बघा: ही बघणारी आहे की बदलणारी? बघणारी असेल तर बेधडक चालवा. बदलणारी असेल, विशेषतः तिच्यापुढे व्यवस्थापकाचे अधिकार देणारं ‘सुडो’ असेल, तर तिचा प्रत्येक शब्द काय करतो ते ‘मॅन’ला विचारा. उत्तर कळत नसेल, तर ज्याला कळतं त्याला फोन करा. डिस्क आधीच भरलेली आहे. दहा मिनिटांनी तिचं आणखी काही बिघडणार नाही.