दुबईत मुलांसाठी इंग्रजी माध्यमाची शाळा निवडताना

दुबईतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ब्रिटिश, अमेरिकन, आयबी आणि सीबीएसई असे वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात. तिथली नियामक संस्था केएचडीए शाळांचे तपासणी अहवाल सर्वांसाठी खुले ठेवते. त्यांत ‘उत्कृष्ट’ ते ‘अतिशय कमकुवत’ अशा 6 श्रेणी असतात. नुसत्या श्रेणीवर भुलू नये. अहवाल कोणत्या वर्षाचा हे पाहावे आणि आपल्या मुलाच्या टप्प्याचा भाग नीट वाचावा, कारण बालवर्ग, प्राथमिक, माध्यमिक यांचे शेरे वेगळे असतात.

खरी मेख वेळापत्रकात आहे. सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश शाळा ऑगस्टअखेरीस. पुण्यात पाचवी आटोपून एप्रिलमध्ये पोहोचलेल्या मुलाला ब्रिटिश शाळेत वर्षाचे शेवटचे सत्रच मिळते. शिवाय बस आणि गणवेशाचा खर्च बहुधा शुल्काबाहेर असतो. तो आधीच विचारावा.